क्लच कोणी सोडला

४ नोव्हेंबर, मंगळवार

गाडीचा डावा हेडलाइट नवा आहे. उजवा पिवळट, डावा पांढराशुभ्र. अवि म्हणतो, जीरकपूरच्या पुढे ट्रकमागून दगड उडाला, काच फुटली, बदलून घेतली. दगडाने काच फुटते, कबूल. बंपरही रंगवावा लागतो का? वाकून पाहिलं तर डाव्या कोपऱ्याचा रंग बाकीच्यापेक्षा किंचित गडद. तेवढं विचारलं तर म्हणाला, "सुधा, तू प्रश्न विचारत नाहीस, उलटतपासणी घेतेस."

बरं. नाही विचारत.

संध्याकाळी चहा घेताना म्हणे, गाडी विकून टाकू. हे अविच्या तोंडून! दर रविवारी बादली घेऊन खाली जातो, कुणी विचारो न विचारो बॉनेट उघडून दाखवतो, "दीड लिटरच आहे, पण टॉर्क बघा, अडीचशे" हे अख्ख्या बिल्डिंगला पाठ झालंय. आणि आता विकायची. कारण? डिझेलवर उद्या इकडेही बंदी येईल. एवढी दूरदृष्टी याला कधीपासून? घरातला गॅस संपत आलाय हे याला शेगडी विझल्यावर कळतं.

आमची लेक, रेवा, समोर होती. गाडीचा विषय निघाला की मध्ये तोंड घातल्याशिवाय राहत नाही ती. आज मान खाली. बिस्किट चहात बुडवलं आणि विसरली, तळाशी गेलं.

काहीतरी शिजतंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सेकंड इयर. टॉर्क आणि हॉर्सपॉवर. दरवर्षी वर्ग इथेच अडखळतो. खरडच्या आमच्या कॉलेजात निम्मी मुलं घरच्या ट्रॅक्टरवर वाढलेली, त्यामुळे त्यांचे प्रश्न पुस्तकातले नसतात. गुरजोत नावाची मुलगी उठली. "मैम, पापा का ट्रैक्टर तीन लीटर का, घोड़े पचास. गड्डी डेढ़ लीटर की, घोड़े एक सौ पंद्रह. छोटे इंजन में घोड़े ज़्यादा कैसे?"

प्रश्न आवडला. फळ्यावर जातं काढलं. (चित्र बघून मागच्या बाकावर हसले. हसू देत.) खुंटा धरून हात किती जोराने रेटतो, तो टॉर्क. तासाभरात किती पीठ पडलं, ती हॉर्सपॉवर. जोर तेवढाच ठेवून हात दुप्पट वेगाने फिरवा, पीठ दुप्पट. म्हणजे हॉर्सपॉवर ही एकटी नसतेच, जोर आणि फेरे यांचा गुणाकार असते. आणि सीसी म्हणजे जात्याच्या तोंडात एका वेळी किती दाणे मावतात ते. ट्रॅक्टरचं जातं मोठं, पण सावकाश फिरणारं, म्हणून पीठ कमी. गाडीचं लहान, पण फिरतं जवळजवळ दुप्पट, शिवाय टर्बो आत हवा कोंबतो, म्हणून लहान जात्यातही दाणे दाबून भरता येतात.

मग पेट्रोल आणि डिझेलचे आलेख शेजारी शेजारी. पेट्रोलच्या साध्या इंजिनाचा टॉर्क कमी आणि तोही वर, मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास. डिझेलचा दीड हजारापासूनच भरपूर. म्हणून डिझेल गाडी खालच्या फेऱ्यांवरच अंगात आल्यासारखी ओढते.

शिकवायला छान. स्वतः ही गाडी चालवायचा मला धीर होत नाही, ते वर्गात सांगत नाही.

घरी आले तर गाडी सोमवारपासून जागची हललेली नाही. टायरखाली पडलेली पानं तशीच. अवि हा आठवडाभर ऑफिसातल्या कुणाच्या तरी गाडीतून डेराबस्सीला जातोय. म्हणे डिझेल वाचवतोय.

१० नोव्हेंबर, सोमवार

अक्षर बघ कसं आलंय आज.

वाळलेले कपडे आणायला बाल्कनीत जात होते. अवि तिकडे फोनवर. पाठमोरा. कानावर पडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते:

"हां जी, राजीनामा हो गया. लिख के दे दिया, साइन भी हो गए. बस, घर में बात न पहुंचे."

मी तशीच मागे फिरले. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी विसळत बसले.

राजीनामा. नोकरी सोडली. किंवा सोडायला लावली. औषधांच्या फॅक्टरीत क्वालिटीच्या माणसावर कधी काय शेकेल सांगता येत नाही, हे तोच म्हणायचा. आता सगळं जुळतंय. गाडी विकायची घाई. गाडी न वापरणं. रेवासमोर नजर चुकवणं. मुलीची बारावी, पुढच्या वर्षी ॲडमिशन, भाड्याचं घर, आणि हा माणूस रोज सकाळी शर्ट इस्त्री करून, डबा घेऊन कुठे जातो?

कुठे जातो?

११ नोव्हेंबर

झोप नाही. विचारायचं नाही असं ठरवलंय. बघू कधी सांगतो.

डब्यात मुद्दाम कारल्याची भाजी दिली. डबा रिकामा परत आला. कारलं खाणारा माणूस नाही हा. टाकून दिली असणार. किंवा दिवसभर बागेतल्या बाकावर बसून भूक लागत असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

माझी तीनही लेक्चरं प्रॅक्टिकलमुळे रद्द झाली. सेक्टर ४३ च्या बसस्टँडवर आले आणि घरी न जाता डेराबस्सीच्या बसमध्ये बसले. ओढणी तोंडावर. शेतं पेटवल्याच्या धुराने असंही सगळ्यांनी तोंडं झाकली होती, त्यामुळे चोरासारखी दिसले नाही एवढंच. फॅक्टरीच्या गेटसमोर कुलच्यांची हातगाडी असते, तिथे उभी राहिले. उभं राहायला कारण हवं म्हणून एक प्लेट घेतली, मग दुसरी.

जेवणाच्या सुट्टीत अवि बाहेर आला. कपाळावर त्या जाळीदार टोपीचा वळ. बरोबर दोघं. कशावर तरी हसत होता. गळ्यात ओळखपत्र. सुट्टी संपल्यावर गेटवर कार्ड दाखवून आत गेला, पहारेकऱ्याने सलाम ठोकला.

नोकरी आहे. जिवात जीव आला आणि मागोमाग स्वतःची शरम वाटली. एवढी वर्षं संसार केलेल्या माणसावर कुलचे खात पाळत ठेवली.

परतीच्या बसमध्ये जीरकपूरच्या जाममध्ये अडकले आणि शरम ओसरली. नोकरी आहे, ठीक. मग राजीनामा कसला? आणि कुणाला लिहून दिला?

१५ नोव्हेंबर

अवि: "डोकं दुखतंय का? सारखी बघतेस माझ्याकडे."

म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

स्टाफरूममध्ये गिल मॅडम त्यांच्या दिराची कहाणी सांगत होत्या. दिराचं शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडण, हाणामारी, पोलीस, आणि शेवटी म्हणे, "थाने में राजीनामा हो गया, अब दोनों साथ बैठ के चाय पीते हैं."

मी विचारलं, दोघांपैकी नोकरी कुणी सोडली?

त्या आधी बघत राहिल्या, मग एवढ्या हसल्या की चहा सांडला. इकडे राजीनामा म्हणजे समझौता. दोन्ही पार्ट्या राजी, तसं लिहून द्यायचं, केस मिटली. नोकरी सोडतात तो इस्तीफा. इस्तीफा शब्द मला काय माहीत नव्हता? सहा वर्षं झाली इथे येऊन. पण कान शेवटी इचलकरंजीचा. राजीनामा म्हटलं की साहेबाच्या टेबलावर कागद ठेवून बाहेर पडलेला माणूसच डोळ्यासमोर येतो.

सगळ्यांबरोबर मीही हसले. मग हसता हसता थांबले.

समझौता. ठाण्यात. नवा हेडलाइट, रंगवलेला बंपर.

हा दगड नव्हता. माणूस होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रेवा क्लासला गेल्यावर सरळ विचारलं. कोणाला धडक दिलीस?

अवि खुर्चीत बसला. मग सांगायला लागला, बराच वेळ माझ्याकडे न बघता. गेल्या महिन्यात, संध्याकाळी. ऑफिसातून येताना, एकटाच. से. ४३ च्या स्टँडजवळ सिग्नलला उभा. समोरून एक बस कंडक्टर ड्यूटीवर जायला रस्ता ओलांडत होता. हिरवा लागला आणि गाडीने उडी मारली. माणूस बॉनेटच्या कोपऱ्यावर आदळून पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. यानेच उचलून हॉस्पिटलमध्ये नेला, सगळं पाहिलं, रोज फोन करतो. बलकार सिंग नाव. भला माणूस निघाला, चौकीत राजीनामा लिहून दिला. हल्ली हात गळ्यात असल्यामुळे त्याला स्टँडच्या पूछताछच्या, म्हणजे चौकशीच्या, खिडकीत बसवलंय.

मी म्हटलं, गाडीने उडी मारली म्हणजे?

"डिझेलला खाली टॉर्क फार, तुला माहीतच आहे. क्लच सुटला, झेपावली."

आणि मला का नाही सांगितलं? तर, तुला त्रास नको म्हणून.

मी रडले. त्याचा हात धरून बसले. एवढे दिवस एकटा वागवत होता. माझ्या डोक्यात काय काय आलं होतं ते त्याला सांगितलं नाही. कुलच्यांचं तर नाहीच.

आज झोप लागेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लागली. सकाळी कॉलेजच्या बसमध्ये बसेपर्यंत सगळं ठीक होतं.

डिझेलला खाली टॉर्क फार. बरोबर. अगदी बरोबर. आणि म्हणूनच ते खोटं आहे.

सावकाश लिहिते, म्हणजे माझंच मला तपासता येईल. टॉर्क खालीच भरपूर असतो, म्हणून डिझेल गाडी सुटताना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवावाच लागत नाही. नुसता क्लच हळूहळू सोडायचा, ती आपली आपण निघते. हे मला पुस्तकाने नाही, अविने दाखवलं होतं, गाडी घेतली त्याच आठवड्यात, "बघ, पाय वर" म्हणत. त्याआधी तो कंपनीची डिझेल व्हॅन चालवायचा. सुटताना रेस द्यायची सवयच नाही त्याच्या पायाला.

रेस कोण देतं? पेट्रोलवर शिकलेला माणूस. लहान पेट्रोल गाडीत खाली दम नसतो, रेस न देता क्लच सोडला तर बंद पडते. म्हणून शिकवणारा पहिल्या दिवशीच सांगतो, आधी थोडी रेस दे, मग क्लच. आता तोच पाय डिझेलवर ठेवा. सुई दोन हजारावर, म्हणजे टर्बो जागा, अख्खा अडीचशेचा रेटा तयार, त्यात पहिला गिअर तो आणखी वाढवतो. आणि वर क्लच झटक्यात सोडा. गाडी उडी नाही मारणार तर काय करेल?

आमच्या घरात पेट्रोल गाडीवर शिकलेलं एकच माणूस आहे. गेल्या मे महिन्यात, इचलकरंजीला, माझ्या भावाच्या जुन्या गाडीवर, शाळेच्या मैदानात. मामा ओरडत होता, "रेवा, रेस दे गं, बंद पडतीया," आणि आम्ही सगळे कठड्यावर बसून हसत होतो.

तिला अठरा पुरी व्हायची आहेत मार्चमध्ये.

लेक्चरला काय शिकवलं आठवत नाही.

२१ नोव्हेंबर

नसेलही. मी अशीच आहे, सुतावरून स्वर्ग गाठते. नोकरी गेली म्हणून रडून झालं होतंच की.

रेवाची प्रीबोर्ड जवळ आलीय. जेवत नाही नीट. विचारलं तर, "पढ़ाई का टेंशन है, आई." मी मराठीत विचारायचं, तिने हिंदीत टोलवायचं, हे नेहमीचंच. पण टोलवताना पूर्वी हसायची.

२३ नोव्हेंबर, रविवार

अविला म्हटलं, तलावावर जाऊन येऊ, तिघं. गाडी काढ.

मी पुढे बसले. रस्ता पाहिलाच नाही, त्याचे पाय पाहिले. जाताना आणि येताना, प्रत्येक सिग्नलला. उजवा पाय ब्रेकवरून उठतो, हवेत थांबतो, क्लच येतो, गाडी निघते, मग कुठे उजवा पाय ॲक्सिलरेटरवर उतरतो. एकदाही चूक नाही. सुई हजाराच्या वर जात नाही. असा माणूस आणि त्याच्या गाडीने उडी मारली म्हणे.

रेवा मागे, दाराला चिकटून. पूर्वी पुढच्या सीटसाठी माझ्याशी भांडायची.

परतताना सेक्टरच्या आतल्या रिकाम्या रस्त्यावर मी अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, मार्चनंतर रेवाला याच गाडीवर शिकवू या. अवि म्हणाला, गाडी राहिली तर ना. ते जरा जास्तच लवकर आलं. आणि मागून, हलक्या आवाजात, "मुझे नहीं चलानी. कभी भी नहीं."

कुणी एवढं जोर देऊन विचारलं नव्हतं.

मला काय वाटतंय ते लिहूनच टाकते. राग. अपघाताचा नाही, अपघात कुणाकडूनही होतो. या दोघांनी माझ्याभोवती भिंत बांधली आणि मला बाहेर ठेवलं, याचा. एक माणूस रस्त्यात पडला आणि माझ्या मुलीने शिकलं काय, तर बाबा आपल्या नावावर घेतो, आईला सांगायचं नसतं आणि जेवायला बसायचं असतं. हे अंगवळणी पडलं की माणूस कसा होतो, हे मी आजूबाजूला बघते ना.

२६ नोव्हेंबर, बुधवार

से. ४३. पूछताछची खिडकी. सोबत किन्नू, इकडची संत्री, घेतले होते. नवऱ्याच्या गाडीखाली आलेल्या माणसाला भेटायला जाणं ही साधी माणुसकी, त्यात संशयाचं काही नाही, असं मनाशी घोकत गेले.

बलकार सिंग पन्नाशीचे असावेत. डावा हात गळ्यात, उजव्या हाताने लोकांना फलाट दाखवणं चालू. मी कोण ते सांगितलं तर उठून उभे राहिले, आतून खुर्ची ओढून दिली, चहा सांगितला. मला वाटलं होतं मला माफी मागावी लागेल, त्यांनी संधीच दिली नाही. हाड जुळतंय म्हणाले. दोन महिन्यांत पुन्हा बसवर.

मग म्हणाले, "बेटी दा की हाल है, मैडम जी? हुण डरदी तां नहीं? बहुत रोई सी उस दिन. हॉस्पिटल तक मेरा हत्थ नहीं छड्डेया."

खूप रडली म्हणे, हॉस्पिटलपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. आणि एकटाच होतो, असं अवि म्हणाला होता.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, ते चहावाल्याला पुन्हा हाक मारायला लागले. चहा आला. मी विचारायचं नाही ठरवून विचारलंच. भाई साहब, गाड़ी कौन चला रहा था?

खिडकीवर एक बाई पटियाल्याची बस विचारत होती, तिला त्यांनी फलाट सांगितला. मग माझ्याकडे वळले. रागाने नाही.

"मैडम जी, राजीनामा हो गया. राजीनामे तों बाद पुच्छीदा नहीं."

राजीनाम्यानंतर विचारायचं नसतं. एवढं बोलून किन्नूची पिशवी खुर्चीखाली सरकवली आणि चहा घ्या म्हणाले.

घरी चालत आले. त्यांनी सांगितलं काहीच नाही, आणि मला सगळं कळलं. आता मी काय करू? अविला धरू, तर तो आणखी एक गोष्ट रचेल. रेवाला विचारू, तर ती हिंदीत टोलवेल. ज्याचं हाड मोडलं तो विचारू नका म्हणतो आणि मी विचारणार. मी नक्की कशासाठी विचारतेय, हेही मला आज पक्कं सांगता येत नाही.

२७ नोव्हेंबर

विचारलं नाही.

गाडीची जाहिरात अविने टाकलीय. शनिवारी रोपडहून कुणी बघायला येणार.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आले. निवृत्त मास्तर, एकटेच, माझ्यासारखेच संशयी. ऑइलचं झाकण उघडून वास घेतला, चालू इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवला, टायरखाली वाकले. विचारलं, घोडे किती, आणि चढणीला कशी आहे. अविने एरवी या प्रश्नावर अर्धा तास भाषण दिलं असतं. आज दोन शब्द.

मग ते स्वतः चालवायला बसले. मी फाटकाशी, अवि त्यांच्या खिडकीशी. मास्तरांनी आयुष्यभर पेट्रोल चालवलेलं असणार. इंजिन गरजलं, क्लच सुटला, गाडी झेपावून पुढच्या झाडाच्या अलीकडे धाडकन थांबली.

"रेस मत दो जी," अवि ओरडला. "डीज़ल है. बस क्लच छोड़ो, अपने आप चलती है."

बोलला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी नजर हलवली नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं, आणि मला कळलंय हेही.

मास्तर घाम पुसत उतरले. गाडीच्या पुढे गेले, एकदा या दिव्याकडे, एकदा त्या दिव्याकडे पाहिलं. ही बत्ती नवी का? ठोकलीय का कुठे?

अवि म्हणाला, पत्थर लगा था जी.

रेवा पाण्याचे ग्लास घेऊन जिन्यातून उतरत होती. तिथेच थांबली. "पत्थर नहीं था, अंकल. मुझसे लगी थी. एक आदमी को."

अवि एवढंच म्हणाला, "रेवा." तिने ग्लास पुढे केला. मास्तर पाणी प्यायले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "घर में सलाह कर लो, मैं फोन करूंगा" म्हणाले आणि गेले. फोन करणार नाहीत.

मला नाही, एका परक्या माणसाला सांगितलं तिने. एवढं लागलं मला ते, की पहिल्यांदा तोच जाब विचारला. वर आल्यावर, दार लावून. मला का नाही? ती म्हणाली, "आप पूछती ऐसे हो, आई, कि आदमी झूठ ही बोले." रडत नव्हती. मीच रडत होते.

मग सगळं बाहेर आलं. क्लासहून येताना तिनेच हट्ट केला होता, बाबा, आतल्या रस्त्याने फक्त. आतला रस्ता संपला, मोठा चौक आला, उतरायला जागा नाही. सिग्नल सुटला. मागे बसवाले हॉर्न मारायला लागले, आधी एकदा बंद पडली होती, पुन्हा पडू नये म्हणून तिने मामाने शिकवल्याप्रमाणे रेस दिली. बलकार सिंग उठून बसले तेव्हा अविने तिला पलीकडच्या सीटवर जायला सांगितलं. चौकीतल्या कागदावर अविचं नाव आहे. बलकार सिंगांनी ते बघूनही सही केली.

रेवाला सोमवारी चौकीवर जायचंय. कागद बदलून घ्यायचाय. आधी पूछताछच्या खिडकीत जाऊन त्यांना सांगायचं, मग चौकी. हे तिचं ठरलेलं आहे, बरेच दिवसांपासून असावं.

अवि म्हणतो, कळतंय का काय बोलतेस? अल्पवयीन मुलीच्या हातात गाडी दिली म्हणून तो आत जाईल. तिला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, आणि पुढे जिथे जाईल तिथे हे मागे येईल. शिवाय खोटी सही केली म्हणून आणखी. त्या माणसाची तक्रार नाही, राजीनामा झालाय, कशाला उकरायचं? त्याचा आवाज चढलेला नव्हता. घाबरला होता. इतकी वर्षं बघतेय त्याला, घाबरलेला ओळखते.

रेवा त्याच्याशी वाद घालत नव्हती. माझ्याकडे बघत होती. अविही माझ्याकडे. महिनाभर घराचे कोपरे हुंगत खरं शोधत होते मी, त्यामुळे आता मी कुठल्या बाजूला उभी राहणार हे दोघांनीही धरून चाललं होतं.

आणि मला, देवा, मला पहिल्यांदा वाटलं, तो दगडच असता तर बरं झालं असतं.

"आई, आप चलोगी ना सोमवार को?"

मी म्हटलं, आधी जेवून घे.